अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता : दर आठवड्याच्या सलाईनने भावाचे फुफ्फूस वाचेल काय?

ओंकारनगरची ताई, नागपूर

नमस्कार. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे आणि थोडा लांब आहे. पण माहिती अर्धवट दिली तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळे लिहिते.

भाऊ ४१ वर्षांचा आहे. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये तो पंधरा वर्षे सुपरवायझर होता आणि त्यांपैकी बारा वर्षे दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढत होता. तीन वर्षांपूर्वी रामटेकच्या गडावर चढताना तो निम्म्या पायऱ्यांवरच बसला, तेव्हा आम्ही सर्वांनी "म्हातारा झालास" म्हणून त्याला चिडवले होते. पुढची दोन वर्षे दम्याचे औषध चालले. मधल्या काळात एका रुग्णालयात, थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही, सहा महिने क्षयाच्या गोळ्या खाऊन झाल्या. गेल्या दिवाळीनंतर धंतोलीतल्या छातीच्या एका डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून सांगितले की फुफ्फुसांचा खालचा भाग अधिक विरळ झालेला दिसतो, सिगारेटने बहुधा वरचा होतो. आणि त्यांनी अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाची रक्तचाचणी लिहून दिली. नमुना मुंबईला गेला. पातळी दर डेसिलिटरला २८ मिलिग्रॅम आली, जनुकांची तपासणी "झेडझेड" आली, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष झेड जनुक. श्वासाच्या चाचणीत एफईव्ही-१, म्हणजे जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, अपेक्षेच्या ४७ टक्के आहे. वजन ५८ किलो आहे. सिगारेट सोडून चौदा महिने झाले, जिनिंगही सोडले.

आणखी एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. आमचे वडील ५६ व्या वर्षी सिरॉसिसने गेले. ते माळकरी होते, दारूला त्यांनी आयुष्यात हात लावला नाही. तरीही मयतीला आलेल्यांपैकी काही जण कुजबुजलेच. आता डॉक्टर म्हणतात की त्यांच्या यकृताचा आजारही याच घराण्यातला असू शकतो. आई सत्तर वर्षांची आहे आणि ठणठणीत आहे.

या आजारावर शिरेतून दर आठवड्याला द्यायचे प्रथिन असते, असे आम्हाला कळले आहे. त्याने भावाचे फुफ्फूस पूर्वीसारखे होईल काय, ते आयुष्यभर घ्यावे लागते हे खरे काय, आणि नागपुरात बसून ते मिळवायचे कसे, हे कोणी सांगू शकेल तर उपकार होतील. आमच्या मामांचे म्हणणे असे की हे प्रथिन रक्तातलेच आहे, तर रक्तपेढीतून प्लाझ्मा आणून तोच का चढवू नये? या प्रश्नाला आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही.

छातीविकार, सिव्हिल लाईन्स

ताई, आपण आकड्यांसह लिहिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. भावाला तपासणारे डॉक्टर मी नाही, त्यामुळे पुढील मजकूर त्यांच्याशी बोलताना हाताशी असावा एवढ्याच हेतूने वाचावा.

आधी आजाराविषयी. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना इलॅस्टेज नावाचे एक विकर सोडतात. डवरणीच्या बैलाच्या तोंडाला आपण मुसके बांधतो, कारण ते नसेल तर तण निघता निघता तो पिकालाच तोंड घालतो. फुफ्फुसात इलॅस्टेजच्या तोंडाला बांधलेले मुसके म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. ते यकृतात तयार होते आणि रक्तावाटे फुफ्फुसात पोहोचते. झेड प्रकारच्या जनुकात एकच अमिनो आम्ल बदललेले असते, पण तेवढ्याने प्रथिनाची घडी चुकते, त्याचे रेणू एकमेकांत अडकून साखळ्या बनतात आणि बहुतेक माल यकृतातच अडकून पडतो. म्हणजे एकाच दोषाचे दोन परिणाम होतात : फुफ्फुसात प्रथिन पोहोचत नाही म्हणून तिथली लवचीक जाळी खाल्ली जाते, आणि यकृतात ते साचते म्हणून काहींना सिरॉसिस होतो. दारू न पिणाऱ्या माणसाला सिरॉसिस होऊ शकतो, हे आपल्या नातेवाइकांना ठामपणे सांगायला हरकत नाही. वडिलांची तपासणी आता शक्य नसल्याने त्यांचे निदान खात्रीने करता येणार नाही, परंतु मुलगा झेडझेड निघाला याचा अर्थ वडिलांकडे झेडचे निदान एक जनुक होतेच. आईकडेही एक आहेच.

हा दोष १९६३ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन यांनी प्रथम वर्णिला. रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने कागदावर वेगळी करताना (यालाच इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात) काही नमुन्यांत अल्फा-१ चा पट्टाच दिसत नव्हता. अशा पहिल्या पाच जणांपैकी तिघांना फुफ्फुसाचा विकार होता. विदर्भात सिकलसेलमुळे इलेक्ट्रोफोरेसिस हा शब्द खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. पद्धतीचे मूळ तत्त्व तेच. (या आजारातही एक "एस" जनुक आहे, पण त्याचा सिकलसेलच्या एसशी काहीही संबंध नाही. अहवाल वाचताना हा घोळ सुशिक्षित माणसेही करतात.)

आता औषधाविषयी. अनेक दात्यांच्या प्लाझ्मातून हे प्रथिन वेगळे करून, विषाणू नष्ट करण्याच्या प्रक्रियांतून काढून, शिरेतून दिले जाते. अमेरिकेत पहिल्या उत्पादनाला १९८७ मध्ये मान्यता मिळाली. नेहमीचा डोस दर किलो वजनाला ६० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. ५८ किलोच्या आपल्या भावाला हा हिशेब एका वेळी सुमारे साडेतीन ग्रॅमचा होतो. शरीरात या प्रथिनाचे अर्धे प्रमाण चार-पाच दिवसांत संपते, त्यामुळे पुढचा डोस येईपर्यंत पातळी संरक्षक समजल्या जाणाऱ्या मर्यादेच्या, म्हणजे दर डेसिलिटरला सुमारे ५७ मिलिग्रॅमच्या, वर राहावी अशी ती मांडणी आहे. यकृत स्वतः ते बनवू लागत नाही, म्हणून हे आयुष्यभराचे, हे आपण ऐकले ते खरे आहे.

मामांचा प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर गणितात आहे. निरोगी माणसाच्या एक लिटर प्लाझ्मात हे प्रथिन साधारण दीड ग्रॅम असते. साडेतीन ग्रॅमसाठी दर आठवड्याला सव्वादोन लिटरांहून अधिक प्लाझ्मा लागेल, म्हणजे रक्तपेढीच्या दहा-बारा पिशव्या. एवढा द्रव दर आठवड्याला चढवला तर फुफ्फुसाआधी हृदय तक्रार करील, शिवाय प्रत्येक पिशवीगणिक ॲलर्जीचा आणि संसर्गाचा धोका वेगळाच. म्हणून तो मार्ग नाही.

फुफ्फूस पूर्वीसारखे होईल काय? नाही, आणि हे मी मुद्दाम एका शब्दात लिहीत आहे. विरळ झालेला भाग परत भरत नाही. उरलेला भाग झिजण्याचा वेग कमी होतो, एवढेच हे औषध करू शकते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅपिड नावाच्या चाचणीत १८० रुग्णांना दोन वर्षे औषध किंवा नुसता निष्प्रभ द्रव दिला गेला. सीटी स्कॅनवर मोजलेली फुफ्फुसाची घनता औषध घेणाऱ्यांत वर्षाला लिटरमागे १.४५ ग्रॅमने घटली, न घेणाऱ्यांत २.१९ ग्रॅमने. पण एफईव्ही-१, चालण्याची क्षमता आणि जीवनमान यांत त्या दोन वर्षांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळेच २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेने (सर्व चाचण्या एकत्र तपासून निष्कर्ष काढणारा अहवाल) या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे म्हटले. दुसरीकडे, ज्यांना पहिली दोन वर्षे निष्प्रभ द्रव मिळाला होता त्यांना पुढे खरे औषध सुरू केल्यावर त्यांचीही झीज मंदावली, परंतु आधी गेलेले भरून निघाले नाही. माझे स्वतःचे मत या दुसऱ्या निरीक्षणाकडे झुकते : औषध द्यायचेच असेल तर बरेच काही शिल्लक असताना द्यावे.

ज्यांना याचा सर्वाधिक उपयोग संभवतो असे मानले जाते, ते म्हणजे एफईव्ही-१ साधारण ३५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असलेले आणि धूम्रपान पूर्ण थांबवलेले रुग्ण. आपला भाऊ त्या चौकटीत बसतो. औषध सुरू करण्यापूर्वी त्याच्या रक्तातील आयजीए नावाचे प्रतिपिंड तपासणे आवश्यक आहे, कारण ज्यांच्यात आयजीए नसते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात त्यांना या औषधाने तीव्र ॲलर्जी होऊ शकते. यकृताला मात्र या सलाईनचा काहीही फायदा नाही, तिथला त्रास कमतरतेचा नसून साचण्याचा आहे. म्हणून भावाची सोनोग्राफी आणि यकृताच्या चाचण्या वेगळ्या करत राहाव्यात, आणि दारूपासून त्याने कायमचे दूर राहावे.

ताई, आपण भावाविषयी इतके विचारलेत, पण स्वतःविषयी एक शब्द लिहिला नाही. आई आणि वडील दोघेही एमझेड (एक नेहमीचे एम जनुक, एक सदोष झेड) असतील तर प्रत्येक अपत्याला झेडझेड होण्याची शक्यता चारात एक. वडील स्वतः झेडझेड असतील तर ती दोनात एक. आपली तपासणी झाली आहे काय?

वऱ्हाडी, न्यू जर्सी

डॉक्टरसाहेबांनी जे लिहिले त्यात माझी भर केवळ अनुभवाची आहे. मी मूळचा अमरावतीचा, माझी पत्नी इथलीच. तिला हा आजार आहे आणि ती सहा वर्षांपासून दर गुरुवारी हे औषध घेते.

पहिले वर्ष ती रुग्णालयात जात असे, आता नर्स घरी येतात. पावडरच्या कुप्यांत निर्जंतुक पाणी घालून त्या हलक्या हाताने फिरवायच्या असतात, जोराने हलवल्या तर फेस होतो. विरघळलेले औषध तीन तासांच्या आत द्यावे लागते. प्रत्यक्ष सलाईन वीस-पंचवीस मिनिटांत संपते, पण तयारी आणि नंतरची देखरेख धरून दीड तास जातो. कधी डोके दुखते, कधी दुसऱ्या दिवशी थकवा असतो. शिरा सापडेनाशा झाल्या तेव्हा तिने छातीत पोर्ट, म्हणजे शिरेला जोडलेली त्वचेखालची छोटी डबी, बसवून घेतला होता. त्याला संसर्ग झाल्यामुळे तो काढावा लागला, आणि आता पुन्हा हाताच्या शिराच.

तिला बरे वाटते काय, असे सगळे विचारतात. ती म्हणते की जिने तितकेच अवघड आहेत. तिचे श्वासाचे आकडे सहा वर्षांत फार घसरले नाहीत, पण ते औषधामुळे, की तिने कधी सिगारेट ओढली नाही म्हणून, की ती आठवड्यातून तीन दिवस फुफ्फुसाच्या व्यायामाला जाते म्हणून, हे तिच्या डॉक्टरांनाही वेगळे करून सांगता येत नाही.

खर्च विमा कंपनी देते म्हणून हे चालले आहे. इथे या औषधाचा वर्षाचा खर्च एक लाख डॉलरच्या आसपास सांगितला जातो. नोकरी बदलताना माझी पहिली चौकशी पगाराची नसते, विम्याची असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही मे महिन्यात अमरावतीला आलो होतो, तेव्हा तिचे दोन डोस चुकवले. पंचेचाळीस अंशांत कुप्या घेऊन फिरण्यापेक्षा ते बरे, असे तिच्या डॉक्टरांनीच सांगितले होते.

जुने औषध दुकान, सीताबर्डी

माझे आयुष्य औषधांच्या ठोक व्यापारात गेले, म्हणून मिळवण्याच्या प्रश्नापुरते लिहितो.

हे औषध आपल्या शहरात दुकानातून चिठ्ठी दाखवून मिळण्यासारखे नाही, आणावे लागेल. रुग्णाच्या स्वतःच्या वापरासाठी परदेशातून थोड्या प्रमाणात औषध आणण्याची तरतूद १९४५ च्या औषध नियमांत आहे : १२-ए नमुन्यात अर्ज करायचा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाची कागदपत्रे जोडायची, आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून १२-बी हा परवाना घ्यायचा. परवान्यावर जेवढी मात्रा लिहिलेली असेल तेवढीच येते, म्हणून अर्जात किती आठवड्यांचे औषध हवे ते डॉक्टरांकडून नेमके लिहून घ्यावे. २०१९ च्या नियमांनुसार शासकीय रुग्णालयांनाही देशात मान्यता नसलेले नवे औषध एखाद्या रुग्णासाठी आणण्याची परवानगी मागता येते. आपल्याकडे मेडिकल, मेयो आणि मिहानचे एम्स आहे, तिथल्या छातीविकार विभागात हा विषय काढून पाहावा.

पैशांचे म्हणाल तर दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली निवडक केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळते आणि मुंबईचे केईएम हे त्यांपैकी एक केंद्र आहे; त्या धोरणातील आजारांसाठी वैयक्तिक आयातीवरचे मूळ सीमाशुल्कही एप्रिल २०२३ पासून माफ आहे. मात्र दोन्ही सवलती यादीत नाव असलेल्या आजारांनाच आहेत, म्हणून अर्जाआधी यादी डोळ्यांनी वाचावी, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. आणि समजा मिळालेच, तरी वरच्या गृहस्थांनी सांगितलेल्या किमतीचे रुपये केले तर ऐंशी लाखांच्या पुढे जातात. ५० लाखांत वर्षही निघत नाही आणि औषध आयुष्यभराचे आहे. गावाकडचे शेत विकून सहा महिन्यांचे इंजेक्शन आणणारी कुटुंबे मी दुसऱ्या आजारांत पाहिली आहेत. सातव्या महिन्यात शेतही नसते आणि इंजेक्शनही.

कुपी आली तर तिच्या खोक्यावरचे साठवणीचे तापमान पाहा. काही उत्पादने फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, काहींना खोलीचे तापमान चालते. पण ती खोली नागपूरच्या मे महिन्यातली नव्हे, हे कुरिअरवाल्याला आधीच बजावावे.

ओंकारनगरची ताई

सर्वांचे मनापासून आभार. मामांना पिशव्यांचे गणित वाचून दाखवले. त्यांनी दोनदा बेरीज केली आणि मग गप्प बसले.

भाऊ हे सगळे शेजारी बसून वाचत होता. शेतविक्रीचे वाक्य आले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले, कारण काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेचे बोलणे घरात खरोखरच सुरू झाले होते. डॉक्टरसाहेब, एक स्पष्ट विचारते : जर हे औषध आम्हाला परवडणारच नसेल, तर त्याच्यासाठी काहीच करण्यासारखे नाही, असे समजायचे काय?

माझी तपासणी झालेली नाही. मागच्या आठवड्यात द्यायची होती, पण मला खोकला आणि ताप होता.

छातीविकार, सिव्हिल लाईन्स

ताप असताना नमुना दिला नाहीत ते उत्तम झाले. हे प्रथिन शरीरात दाह असताना वाढते, त्यामुळे तापात घेतलेली पातळी मूळच्या कमी माणसातही फसवी दिसू शकते. बरे वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी द्या, सोबत सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) करा, आणि पातळी कशीही आली तरी जनुकांची तपासणी करून घ्या. आपल्याला मुले असतील तर त्यांचा विचार आपला अहवाल आल्यावर करता येईल.

आपल्या स्पष्ट प्रश्नाचे उत्तर : तसे मुळीच समजू नये. या आजारात ज्या एका गोष्टीने आयुष्यात सर्वांत मोठा फरक पडतो ती सिगारेट सोडणे ही आहे, आणि ती आपल्या भावाने चौदा महिन्यांपूर्वी एक रुपया न खर्चता केली. धूम्रपान करणारे झेडझेड रुग्ण तिशी-चाळिशीतच धापा टाकू लागतात. कधीही न ओढणाऱ्यांपैकी काहींना साठीपर्यंत विशेष त्रास नसतो. दुसरी मोठी गोष्ट म्हणजे जिनिंग सोडणे. रुईचे तंतू आणि धूळ निरोगी फुफ्फुसालाही सोसत नाहीत. त्याला पुन्हा हंगामापुरते बोलावले गेले तरी जाऊ देऊ नका, कार्यालयातले काम असे सांगितले तरीही, कारण जिनिंगचे कार्यालय जिनिंगच्या आवारातच असते.

याखेरीज दीर्घ परिणामाचे इनहेलर नियमित हवेत, फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोकोकसची लस आणि यकृतासाठी हिपॅटायटिस ए व बी च्या लसी हव्यात. फुफ्फुसाचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट नागपुरात मिळतात. सहा ते आठ आठवडे नीट शिकून पुढे घरी चालू ठेवता येतात, आणि धाप कमी वाटण्याच्या दृष्टीने, माझ्या पाहण्यात, त्यांचा उपयोग रुग्णाला सलाईनपेक्षा लवकर जाणवतो. छातीचा प्रत्येक संसर्ग लवकर दाखवावा, कारण संसर्गात पांढऱ्या पेशी झुंडीने येतात आणि याच्याकडे मुसके बांधायला काही नाही. उन्हाळ्यात कूलर लावण्याआधी जुने, बुरशी धरलेले वाळे फेकून नवे घालावेत आणि टाकीतले पाणी बदलत राहावे. दिवाळीच्या फटाक्यांचे चार दिवस आणि वस्तीत कचरा जळत असेल ती संध्याकाळ त्याने घरात काढावी.

एफईव्ही-१ दर सहा महिन्यांनी मोजा आणि आकडे एका वहीत लिहून ठेवा. एक-दोन वर्षांत घसरण वेगाने दिसली तर औषधासाठी धडपडण्याला अधिक बळकट कारण मिळेल, आणि परवान्याच्या किंवा मदतीच्या अर्जाला जोडायला तीच वही लागेल. आकडे स्थिर राहिले तर बाग विकण्याचे कारण उरत नाही. हा सल्ला आजच्या किमती पाहून दिलेला आहे. औषध देशात परवडणाऱ्या दरात मिळू लागले तर मी आपल्या भावाला ते सुरू करा असेच सांगेन.

ओंकारनगरची ताई

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, क्षमस्व.

माझी पातळी ८४ आली, सीआरपी सामान्य, जनुके एमझेड. धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितले की एमझेड असल्याने मला या सलाईनची गरज नाही, सिगारेट मी ओढत नाही हे चांगलेच, फक्त यकृताच्या चाचण्या अधूनमधून कराव्यात. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि पुण्यात वसतिगृहात राहतो. तो ओढतो की नाही हे मला माहीत नव्हते. फोनवर विचारले तर तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी तो घरी येत आहे आणि सोमवारी त्याचा नमुना देणार आहोत.

भावाचे आयजीए सामान्य आले आहे. मिहानच्या एम्समध्ये नोंदणी करून कागदपत्रे दिली आहेत. बागेचे बोलणे थांबवले आहे. आठवड्यातून तीन दिवस तो व्यायामाला जातो. परवा फिजिओथेरपिस्टने त्याला सहा मिनिटे चालायला लावले आणि अंतर मोजले, ते पहिल्या दिवसापेक्षा ४० मीटर जास्त भरले. वहीत तो आकडाही लिहिला आहे.